शाळा नेमकी कुणाची?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई घडी घातलेला एक कागद घेऊन आल्या. "दीदी, जरा वाचून सांगा. शाळेतून आलाय." कागद त्यांच्या पाचवीतल्या मुलीनंच आणला होता. मग तिनंच का नाही वाचला, असं मी सहज विचारलं. बाई गप्प बसल्या. मुलगी दाराशी उभी होती. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली.

कागदावर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीची सूचना होती आणि खाली सदस्यांची नावं. त्यातलं पाचवं नाव या बाईंचंच! "अहो, तुम्ही समितीच्या सदस्य आहात!" मी म्हटलं. त्या संकोचून हसल्या. "रजिस्टर घरी येतं, मी सही करते. कशाची सही, ते कधी कुणी सांगितलं नाही. का करबो, दीदी?"

आता काय करणार! ज्या बाईला शाळेचा कारभार बघण्याचा अधिकार कायद्यानं दिलाय, तिला तो अधिकार आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मुलगी पाचवीत जाऊनही चार ओळींची सूचना वाचू शकत नव्हती.

मी संतापले. दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन शाळेत गेले. मनात चार खडे बोल तयार होते. पण वर्गात पाऊल टाकलं आणि त्यातले दोन तिथंच गळाले. एका खोलीत दोन इयत्ता बसलेल्या. मॅडम तरुण, एका हातात खडू, दुसऱ्या हातात मोबाइल. कुठलीतरी माहिती दुपारपर्यंत वर पाठवायची होती. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हिला वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. अशी अकरा मुलं आहेत माझ्याकडे. पण ते लिहायला माझ्या एकाही रजिस्टरात रकाना नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आजपर्यंत मला हे विचारायला कुणी आलंही नाही. पालकसभेला येतात ते शिष्यवृत्तीचं विचारायला."

माझे उरलेले दोन खडे बोलही मी गिळले.

घरी येताना वाटलं, हे सगळं आमच्या भिलाईत घडावं? १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. रशियाच्या मदतीनं कारखाना उभा राहिला, तशी सेक्टरासेक्टरांतून वसाहत उभी राहिली आणि कारखान्याच्या शाळाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून आमच्यासारखी मराठी कुटुंबंही आली. या शाळांनी घडवलेली मुलं पुढे कुठल्या कुठे गेली, त्याचा अभिमान इथल्या प्रत्येक जुन्या घराला आहे. त्याचं श्रेय आपण शिस्तीला देतो, साहेबांना देतो. मला मात्र एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. शिक्षक आणि पालक एकाच गल्लीत राहत. मुलगा वर्गात मागे पडला की संध्याकाळी भाजी घेताना बाई त्याच्या आईला गाठत. आणि बाईंनी आठवडाभर गणिताचा तास घेतला नाही, तर तेही सगळ्या गल्लीला कळे! पालकसभेची वेगळी नोटीस लागत नसे. पुढे कारखान्यातली माणसं कमी झाली, तशा या शाळाही कमी होत गेल्या. आम्ही आपली मुलं दुसरीकडे घातली. ज्यांना ते परवडत नव्हतं, त्यांची मुलं सरकारी शाळेत राहिली आणि त्या शाळेकडे बघायचं आम्ही सोडून दिलं.

कारखान्यातली आणखी एक गोष्ट आठवते. पाळी बदलताना आधीच्या पाळीचा माणूस पुढच्याला यंत्राची स्थिती सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही. कुठं काय बिघडलंय, कशावर लक्ष ठेवायचं, सगळं सांगायचं. इथं तयार झालेल्या रुळावरून देशभर गाड्या धावतात. रूळ कारखान्याबाहेर पडण्याआधी त्याची तपासणी होते, दोष असला तर शोधला जातो. मूल म्हणजे रूळ नव्हे, हे खरंच. पण चौथीच्या बाईंनी पाचवीच्या बाईंना, "हिला अजून जोडाक्षरं येत नाहीत, जरा बघा" एवढं तरी सांगायला नको का?

सांगायला हवं. पण ते सांगण्याची सवय आणि वेळ शिक्षकाला कोण देतं? आपण शिक्षकाला गुरू म्हणतो, शिक्षकदिनाला फूल देतो आणि एरवी कारकुनासारखं राबवतो. मध्य प्रदेशात आणि मग छत्तीसगडात हजारो शाळा वर्षानुवर्षं 'शिक्षाकर्मी' या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यात काम करणाऱ्यांवर चालल्या. छत्तीसगडात त्यांना शिक्षण विभागात सामावून घ्यायला २०१८ साल उजाडावं लागलं. महाराष्ट्रातही २००० सालापासून 'शिक्षणसेवक' आले. प्राथमिकला सुरुवातीचं मानधन महिना तीन हजार रुपये! डॉक्टरानं, इंजिनिअरानं आपल्या धंद्यातलं नवं शिकत राहावं अशी आपली अपेक्षा असते. शिक्षकाकडून मात्र आपली अपेक्षा एकच, निकाल चांगला लागला पाहिजे.

शिक्षकाला धंद्यातला जाणकार माणूस म्हणून वागवलं तर काय होतं, हे आपल्याच भागात दिसलेलं आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. तेव्हा छत्तीसगड मध्य प्रदेशातच होतं. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्रमंडळ केंद्र या दोन संस्थांनी तो मांडला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो सांभाळला. सुट्टीत खेड्यातल्या शिक्षकांची शिबिरं व्हायची आणि तिथं मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसून प्रयोग करायचे. दर महिन्याला शिक्षक एकत्र जमायचे. कुठला प्रयोग फसला, मुलांनी कुठला प्रश्न विचारला, कुठं आपल्यालाच उत्तर आलं नाही, हे मोकळेपणानं सांगायचे. त्या सांगण्यावरून पाठ्यपुस्तकं बदलली जायची. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. १९७८ साली हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, पुढे इतर जिल्ह्यांतही. आणि २००२ साली सरकारी आदेशानं तो बंद झाला.

तीस वर्षांचं काम एका आदेशानं थांबतं, याचा मला कळलेला अर्थ असा, की शिक्षक कितीही तयारीचा असला तरी तो एकटा पुरत नाही. आपल्या शाळेत काय चाललंय आणि ते का चाललंय, हे गावाला, पालकांना आपलं वाटलं पाहिजे. तरच ते जपलं जातं.

आपल्या ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा पालकांना नावं ठेवत त्या बसल्या नाहीत. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शाळा अंगणात गेली की आई कडेवरचं मूल घेऊन बघायला येते. तिला कळतं, इथं काय चाललंय. पालकसभा ती याहून वेगळी काय असते?

छत्तीसगडानंही हे एकदा अनुभवलं. २०२० साली करोनानं शाळांना कुलपं लागली. मोबाइलवरचे वर्ग गरिबाघरी पोचेनात, तेव्हा 'पढई तुंहर पारा' सुरू झालं. पारा म्हणजे वस्ती. शिक्षक वस्तीत गेले. झाडाखाली, सामाजिक सभागृहात, कुठं लाउडस्पीकर लावून शिकवू लागले. शिकलेली मुलंमुली मदतीला आली. तेव्हा आपले गुरुजी किती कष्ट घेतात हे वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं आणि मुलांच्या घरी काय परिस्थिती आहे ते गुरुजींनी पाहिलं. शाळा उघडल्या आणि आपण पुन्हा एकमेकांकडे पाठ केली.

कायद्यात तर सगळं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकासाचा आराखडा करणं, अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं, ही त्यांची कामं. शिक्षकानं पालकांना नियमित भेटावं, हेही त्याच कायद्यात आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये, हेही आहे. म्हणजे पालकाचा हक्क आणि शिक्षकाचा मान एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसलेत. आपणच ते रजिस्टरात बंद करून ठेवलेत.

किंमत मुलं मोजतात. 'असर' पाहणीत गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना एक उतारा वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ४९ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. आमच्या दाराशी मान खाली घालून उभी राहिलेली मुलगी एकटी नाही.

त्या बैठकीला बाई गेल्या. मीही गेले. सदस्य नव्हते, म्हणून मागे बसले. सही करायची वेळ आली तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज कापत होता. "आधी वाचून दाखवा, मग सही करीन." क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, आता मॅडम रागावणार. पण त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच अकरा मुलांचा विषय काढला.

त्या दिवशी ठरलं ते एवढंच. रोजचा पहिला तास वाचनाचा. इयत्ता न बघता, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट पाडायचे. मोबाइलवरची माहिती भरायला एक पदवीधर पालक मदत करील. आठवड्यातून दोन दिवस कारखान्यातून निवृत्त झालेली काही मंडळी एकेका गटाजवळ बसतील. त्यात आमच्या घरचेही एक आहेत. त्यांना सुरुवातीला मुलं जुमानत नसत, तेव्हा मॅडमनीच त्यांना हळूच सांगितलं, "काका, चूक लगेच सुधारू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या." चाळीस वर्षं मशीन चालवलेला माणूस घरी येऊन म्हणाला, "अगं, हे तर मोठं कसबाचं काम आहे!"

वाचकहो, तुमचं मूल कुठल्याही शाळेत जात असो, तुमच्या घराजवळच्या सरकारी शाळेच्या समितीत कोण आहे, एवढं एकदा विचारून बघा. शिक्षकाला भेटाल तेव्हा "गुण किती?" याच्याआधी "तुम्हाला कशाची अडचण आहे?" हे विचारा. आणि शिक्षकबंधूभगिनींनो, वर्गाचं दार थोडं उघडं ठेवा. आत येणारा प्रत्येक जण दोष काढायलाच येत नाही.

ती मुलगी? परवा तिनं आमच्या स्वयंपाकघरातल्या चहाच्या डब्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं. एका जोडाक्षरापाशी अडली, आईकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सहावीत जायच्या आत तिला शाळेची सूचना वाचता येईल का, ते मी आज सांगू शकत नाही. पण पुढच्या बैठकीची सूचना आईला तिनंच वाचून दाखवायची, असं दोघींचं ठरलंय.