पाय कोणाचे?

हल्ली एखादा मोठा हिंदी चित्रपट पडद्यावर यावयाचा झाला की त्याच्या पुढे पुढे एक वार्ता धावत येते. नायिकेने, क्वचित नायकानेही, ह्या भूमिकेसाठी अमुक महिने नृत्याचे शिक्षण घेतले. पहाटे उठून रियाझ केला. पायांना फोड आले तरी हट्ट सोडला नाही. ही वार्ता वाचली की आपल्या कोलकात्यातील मराठी मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, केवढी ही मेहनत! दुसरा नाक मुरडून म्हणतो, बारा वर्षे गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून नृत्य येत नाही. सहा महिन्यांत येते ती कवाईत. आम्हाला ह्या दोन्ही तटांशी भांडावयाचे आहे. खरे भांडण पहिल्याशी आहे. पण दुसऱ्याचा समाचार आधी घेणे प्राप्त आहे, कारण तो तट विद्वानांचा असून त्यात आमचे काही वरिष्ठही आहेत.

ह्या विद्वानांनी आपण कोणत्या शहरात बसून बोलत आहोत ह्याचा विसर पडू देऊ नये. उदयशंकर हे काही बाळपणापासून गुरुगृही राबलेले नर्तक नव्हते. चित्रकला शिकावयास ते लंडनला गेले होते. १९२३ साली आना पावलोवाच्या शेजारी कृष्ण होऊन ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही घराण्याचा गंडा नव्हता. चित्रे आणि शिल्पे पाहून तयार झालेली नजर मात्र होती. कथकळीचे शंकरन नंबुद्री ह्यांच्याकडे ते शिकले ते कीर्ती मिळाल्यानंतर. पुढे त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढले, १९४८ मध्ये 'कल्पना' हा चित्रपट दिला, आणि १९७७ मध्ये ह्याच शहरात देह ठेवला. ते नर्तकच नव्हते असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने ते एखाद्या बंगाली शेजाऱ्यासमोर म्हणून पाहावे. परिणामास आम्ही जबाबदार नाही.

आणि आपल्या घरचे उदाहरण? शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' १९५५ साली आला. संध्याबाई त्याआधी 'अमर भूपाळी'तून पडद्यावर आलेल्या होत्या, परंतु नृत्याचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. चित्रपट तर आरंभापासून अखेरपर्यंत नृत्याचा. त्यांना शिकविले ते त्यांच्याच जोडीला नायक म्हणून उभे राहिलेल्या गोपीकृष्ण ह्यांनी. गोपीकृष्ण तेव्हा जेमतेम विशीत होते. त्यांचा जन्म १९३५ सालचा, आणि तो ह्या आपल्या कोलकात्याचा. त्यांची मावशी सितारादेवी, तिचाही जन्म येथलाच, १९२० सालचा. विद्या बनारसची, जन्म कोलकात्याचा, चित्रशाळा मुंबईची आणि दिग्दर्शक कोल्हापूरचा, असा तो योग होता. आपण येथे बदलीवर येऊन 'आपले येथे काय आहे' म्हणून उसासे टाकतो. आपले येथे निदान एवढे आहे.

संध्याबाईंचे नृत्य निर्भेळ कथक नव्हते, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. त्यात कसरत होती, रंगांचा भडिमार होता, आणि कंबर जेथे वळावयास नको तेथे ती वळत होती. पण प्रेक्षकाला फसविले असे त्या चित्रपटाविषयी कोणी म्हणू शकणार नाही. संध्याबाई जेवढे शिकल्या तेवढे नाचल्या, आणि त्या नाचल्या ते आपण डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. चार वर्षांनी 'नवरंग'मध्ये एका अंगाने स्त्री आणि दुसऱ्या अंगाने पुरुष होऊन त्याच बाई नाचल्या. तेही पाय त्यांचेच. शिवाय 'झनक झनक'ची कथा आठवावी. नीला ही हौशी मुलगी; आपल्याला उत्तम नाचता येते अशा भ्रमात ती असते, खरे नृत्य समोर येताच तो भ्रम उतरतो आणि ती शिष्या होते. शिकाऊ व्यक्तीची भूमिका शिकाऊ नटीने केली, ह्यात अपराध कोणता?

हेच माप आम्ही २०१० च्या 'नटरंग'ला लावतो. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा कष्टाने कमावलेल्या अंगाचा मजूर. फड उभा राहावा म्हणून त्याला नाच्या व्हावे लागते. अतुल कुलकर्णी हे नर्तक म्हणून ओळखले जाणारे नट नव्हेत. ते नव्हते म्हणूनच त्या राकट अंगातून बायकी चाल उमटताना जी ओढाताण दिसली ती खरी वाटली. तेथे एखादा मुरलेला नर्तक उभा केला असता तर गुणाचे दुःखच नाहीसे झाले असते.

भूमिका उस्तादाची असली म्हणजे मात्र न्याय बदलतो. थोड्या महिन्यांत नृत्यातले पुष्कळ हाती लागते. तत्कार, हातांचे मार्ग, दोनचार तुकडे, पाचसात चकरा, एवढे जिद्दी मनुष्य साधतो. साधत नाही ते थांबणे. तिहाई संपून समेवर आल्यावर क्षणभर जे स्थिर उभे राहावयाचे असते, त्या क्षणी शिकाऊ उघडा पडतो. मान किंचित ढळते, श्वास खांद्यांत दिसतो, आणि डोळ्यांत पुढच्या तुकड्याची मोजणी चाललेली असते. जाणता नर्तक तेथे निवांत असतो, जणू त्याला घाई कधी नव्हतीच. ही निवांतता मात्र बारा वर्षांचीच असते. विद्वान तटाचे तेवढे म्हणणे आम्ही पदरात घेतो.

सत्यजित राय ह्यांनी हे ओळखले होते. 'जलसाघर' (१९५८) मध्ये जमीनदाराच्या दिवाणखान्यात नर्तकी हवी होती. त्यांनी कोण्या नटीला सहा महिने शिकवीत बसविले नाही; रोशनकुमारींना बोलाविले, गाण्यासाठी बेगम अख्तर ह्यांना आणले, आणि कॅमेरा शांतपणे त्यांच्यासमोर ठेवला. १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी'त वाजिद अली शाहाच्या दरबारातले नृत्य बिरजू महाराजांनी बसविले आणि शाश्वती सेन नाचल्या. वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गमावून ह्याच शहरात मटियाबुर्जला आला आणि लखनौची ठुमरी व कथक बरोबर घेऊन आला, हे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत रोज जाणारे आमचे कित्येक मराठी स्नेही त्या इतिहासाच्या कुंपणाशी उतरतात आणि बिदागीशिवाय परत येतात.

तेव्हा प्रामाणिक मार्ग दोन आहेत. शिकावे आणि नखशिखांत दाखवावे, किंवा जाणत्याला बोलवावे. रूढ झाला आहे तो तिसरा, आणि पहिल्या तटाशी आमचे भांडण त्याच्यावरून आहे. चेहरा एकीचा, पाय दुसरीचे, आणि मेहनतीची वार्ता चेहऱ्याची. तालाच्या दर आवर्तनाला चित्र तुटते: आधी मुद्रा, मग घुंगरू, मग पाठमोरी आकृती, मग छताची झुंबरे, पुन्हा मुद्रा. समेवरचा तो उघडा पाडणारा क्षण कात्रीखाली जातो. टाळ्या वाजविणाऱ्याने आपण कोणाला टाळ्या वाजवीत आहोत हे विचारावयाचे नसते.

'पाकीझा' १९७२ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. मीनाकुमारी आजारी होत्या; मार्चअखेर त्या गेल्या. त्यांच्या जागी नृत्याच्या काही भागांत पद्मा खन्ना उभ्या राहिल्या. आजारी स्त्रीला नाचवावयाचे नाही ह्यात माणुसकी होती, आणि मीनाकुमारींना आम्ही बोल लावीत नाही. पण त्या नृत्यांची आठवण काढताना आपल्यापैकी किती जण पद्मा खन्नांचे नाव काढतात? सातासमुद्रापलीकडेही हेच. १९८३ च्या 'फ्लॅशडान्स'मध्ये जेनिफर बील्स ह्यांच्यासाठी मरीन जहान नाचल्या. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. 'ब्लॅक स्वान'साठी नाताली पोर्टमन ह्यांना २०११ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यांनी लहानपणी थोडा बॅले केला होता आणि चित्रपटासाठी पुन्हा कष्टाने शिकल्या होत्या. पुढे सारा लेन ह्या नर्तिकेने सांगितले की पूर्ण शरीर दिसते अशी बहुतेक दृश्ये आपली आहेत. दिग्दर्शकाने मोजणीच पुढे केली: नृत्याचे तुकडे एकूण १३९, पैकी १११ पोर्टमनचे, २८ लेनचे. आता ही मोजणी कारकुनी डोळ्याने पाहा. तिच्यात तुकडे मोजले आहेत. कोणत्या तुकड्यात पाय दिसतात आणि कोणत्यात केवळ खांदे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. असा तक्ता आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही 'तपशील जोडावा' असा शेरा मारून तो परत पाठविला असता.

आमच्यासारख्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्हीच घ्यावा. मसुदा एकाने घालावयाचा आणि सही दुसऱ्याने करावयाची, हा आमच्या पोटापाण्याचा नित्यक्रम आहे, आणि त्याबद्दल आमची कुरकुर नाही. परंतु टिपणीच्या कडेला मसुदा घालणाऱ्याची आद्याक्षरे राहतात. वीस वर्षांनी फाइल उघडली तरी हे कोणी लिहिले ते सापडते. सरकारइतकी रुक्ष संस्था जे कारकुनाला देते, ते कलेच्या नावाने चालणाऱ्या धंद्याने नर्तकीला देऊ नये?

असे होऊ शकत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. कारण गळ्याच्या बाबतीत ते झालेले आहे, आणि ते एका मराठी बाईने करून घेतले आहे. १९४९ च्या 'महल'मधील गाण्याची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी म्हणजे चित्रपटातले पात्र! लता मंगेशकरांचा आवाज देशभर गेला तो एका कल्पित बाईच्या नावाने. पुढे १९५७ मध्ये शंकर-जयकिशन ह्यांना 'चोरी चोरी'साठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. समारंभात गाण्याची विनंती लताबाईंनी नाकारली, कारण गायकांसाठी पारितोषिकच नव्हते. १९५९ मध्ये ते सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले, विमल रॉय आणि सलील चौधुरी ह्या दोघा बंगाल्यांच्या 'मधुमती'साठी. नृत्य बसविणाऱ्याला त्याच पंक्तीत पान मिळावयास आणखी तीस वर्षे लागली. १९८९ मध्ये सरोज खान ह्यांना ते 'तेजाब'साठी प्रथम मिळाले. २०१६ मध्ये 'बाजीराव मस्तानी'तील कथकाबद्दल ते बिरजू महाराजांना मिळाले. गळा झाला, गुरू झाला. पाय अजून पंक्तीबाहेर उभे आहेत. जाता जाता, ह्याच चित्रपटात काशीबाईंना पिंगा घालावयास लावला म्हणून आपण मराठी माणसे केवढी खवळलो होतो! खानदानाची उठाठेव पुष्कळ झाली. नाचणाऱ्यांना कोणी किती शिकविले, ही चौकशी मात्र फारशी कानी आली नाही.

आमचे मागणे लहान आहे. नट स्वतः शिकून नाचला असेल तर शिकविणाऱ्याचे नाव त्याच्या नावाजवळ यावे. त्याच्याऐवजी दुसरे कोणी नाचले असेल तर पार्श्वगायकाचे येते तसे, तेवढ्याच अक्षरांत, तिचे किंवा त्याचे नाव यावे. आणि मेहनतीच्या वार्ता देणाऱ्यांनी वार्तेच्या शेवटी एक ओळ जोडावी: अमुक दृश्यांत पाय ह्यांचे.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो, की अशाने प्रेक्षकांचा भ्रम मोडेल. आपण नायिकेला पाहत आहोत असे त्यांना वाटणार नाही. १९७२ मध्येच 'पिंजरा' आला होता. संध्याबाई फडावर नाचत होत्या आणि गळा उषा मंगेशकरांचा होता. गावोगावच्या तंबूतल्या प्रेक्षकाला ते ठाऊक होते. पाटीवर नाव होते, तबकडीवर होते, रेडिओवर रोज सांगितले जात होते. तरी श्रीराम लागूंचे मास्तर त्या बाईच्या मागे तुणतुणे घेऊन उभे राहिले, तेव्हा त्या तंबूत डोळ्यांना पदर लागत होते.