थंडीतली तिहेरी शर्यत

मैत्रिणींनो, ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. छोट्या शर्यतीत ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. डिसेंबरच्या गारठ्यात खरी परीक्षा असते ती पाण्याबाहेर आल्यावर! अंगातली ऊब तेव्हाही काही वेळ उतरतच राहते, त्यात सायकलवरचा वारा. दोन मिनिटं गेली तरी चालतील, पण अंग कोरडं करून सुके कपडे, हातमोजे घालाच. बधिर बोटांनी ब्रेक कसा दाबणार?

आम्हा चौघींचं ठरलेलंच आहे. एखादीची जीभ जड झाली, ती असंबद्ध बोलू लागली, तर तिचं ‘मी ठीक आहे’ ऐकायचं नाही. तिला थांबवायचं, ओले कपडे बदलून पांघरूण द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. शर्यत काय, पुढच्या वर्षीही असतेच!