सव्वा तासाचे कोकण कोणासाठी?

मुंबई ते चिपी हे हवाई अंतर सुमारे 350 किलोमीटर आणि विमानाचा वेळ साधारण सव्वा तास. 9 ऑक्टोबर 2021 रोजी सिंधुदुर्गाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले तेव्हा या सव्वा तासाचा असा काही गजर झाला की, कोकणचे मागासलेपण आता केवळ वेळापत्रकापुरते उरले आहे असे एखाद्याला वाटावे! परंतु हा सव्वा तास एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचा आहे, आणि धावपट्टीवर कोणी राहत नाही. डोंबिवलीच्या चाकरमान्याने आधी सांताक्रुझ गाठायचे, उड्डाणापूर्वी दीड-दोन तास तिष्ठायचे आणि चिपीच्या सड्यावर उतरल्यावर वैभववाडीच्या घरासाठी जवळजवळ सारा जिल्हा ओलांडायचा. रेल्वे त्याला वैभववाडीलाच उतरवते.

शिवाय हा वेळ वाचतो कितीजणांचा? या मार्गासाठी वापरलेल्या एटीआर-72 जातीच्या विमानात सत्तरेक माणसे मावतात. म्हणजे आगगाडीच्या एका शयनयान डब्याइतकी. गणपतीला कोकणात लोटणाऱ्या जनसागरापुढे ही ओंजळही नव्हे.

‘उडान’ योजनेने 2017 साली तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली, तीही सुमारे निम्म्या आसनांपुरती. कंपनीची तूट तीन वर्षे योजनेने भरून द्यायची. मुदत संपली की कंपनी मोकळी. 2024 च्या अखेरीस मुदत संपल्यावर मुंबई-चिपी सेवा थांबली. पुढे ती पुन्हा उडो वा न उडो, जे घडले ते अपघाताने घडले नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल पाहावा. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत बहाल झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या 371 पैकी तीन वर्षे पुरी केली ती 112 मार्गांनी, आणि त्यानंतरही मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले अवघे 54.

विमानाशी कोणाचे वैर नाही. अग्रक्रम कोणाला, एवढाच वाद आहे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर त्यांनी गाद्या आणल्या. बहुसंख्यांची पाठ कोठे टेकते, येथून त्यांच्या विचाराला आरंभ होत असे. आजच्या राज्यकर्त्यांचा आरंभ वेगापासून होतो, आणि बहुधा शेवटही तेथेच.

कोकण रेल्वे 1998 साली संपूर्ण मार्गावर धावू लागली. दुहेरी झाला तो रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा, तोही 2021 साली. वीरच्या पुढे दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच लोहमार्गावरून जातात. मग मेलला वाट देण्यासाठी साधी गाडी क्रॉसिंगला खोळंबते आणि डब्यात दाराशी उभ्याने आलेले कुटुंब घामाघूम होऊन स्थानकाचे नाव पुन्हा पुन्हा वाचत राहते. दिवा-सावंतवाडी गाडीच्या प्रवाशाला हे सांगण्याची गरज नाही. सव्वा तासाचा हिशेब मांडणाऱ्यांनी या खोळंब्याचाही हिशेब मांडावा, आणि वीरपुढचा दुसरा रूळ कोणत्या वर्षी पडणार ते जाहीर करावे.