शक्तिमान आणि घरचीं मुलें

वाचकहो, आमच्या डहाणू-तलासरीकडे केबलची तार नसलेल्या घरींही छपरावरील अँटेनामुळें दूरदर्शन दिसे. त्यावर १९९७ पासून २००५ पर्यंत चाललेली ‘शक्तिमान’ मालिका मुलांस एवढी प्रिय कां झाली? नायकाचें बळ पंचमहाभूतांचें व कुंडलिनीसाधनेचें, तर शत्रूंमध्यें डॉक्टर जॅकालसारखा दुष्ट वैज्ञानिक! आजोबांची पुराणकथा आणि नातवाची विज्ञानकथा एका पंगतीस बसली. शिवाय हाच वीर एरवीं गंगाधर नांवाचा वेंधळा छायाचित्रकार. तो मुलांस आपलाच वाटे.

पडद्यामागील व्यवहार मात्र निराळा. निर्माते व नायक मुकेश खन्ना दूरदर्शनला प्रक्षेपणाचें शुल्क भरीत आणि जाहिरातींतून तें वसूल करीत. शुल्क वाढत गेल्यानें मालिका थांबवावी लागली, असें त्यांनीं पुढें सांगितलें.

जाहिरातदारांस बालप्रेक्षक हवे होते. त्या बालकांस वीराची गिरकी दिसे, साधना दिसत नसे. अनुकरण करूं जातां मुलें जखमी झाल्याचीं वृत्तें आलीं. खन्ना यांनीं पडद्यावरूनच मुलांस सावध केलें. तथापि शेजारीं बसून “बाळ, हें कल्पित आहे” असें समजावणें वडीलधाऱ्यांचेंच कर्तव्य होय. आज पडदा मुलांच्या मुठींत आला आहे. शेजारची ती जागा आपण रिकामी ठेवूं नये.