विहीर बुजवून उभे राहिलेले घर

महात्मा गांधींनी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले, त्या बेळगावच्या 1924 च्या अधिवेशनाची शताब्दी 2024 मध्ये थाटाने साजरी झाली. व्यासपीठे सजली, भाषणे झाली. परंतु त्या अधिवेशनाने टिळकवाडीत मागे ठेवलेल्या एका साध्या बोधाची आठवण आज कितीजणांना आहे, असा आमचा प्रश्न आहे. जमणाऱ्या जनसमुदायासाठी गंगाधरराव देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विहीर खणविली. गांधीजींसाठी बांबू आणि खादीची झोपडी साडेतीनशे रुपयांत उभी राहिली, आणि तीही त्यांना महालासारखी वाटली! मंडप उठला, झोपडी गेली. विहीर मात्र राहिली. आधी पाणी आणि मग निवारा, तोही गरजेपुरता, असा हा धडा आहे.

आजच्या टिळकवाडीत तो उलटा गिरविला जात आहे. उतरती कौलारू छपरे, जाड भिंती, पुढे पडवी आणि परसात विहीर अशी तेथील जुन्या बंगल्यांची घडण होती. त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती येत आहेत. परसाचा वाहनतळ होतो, अंगणावर काँक्रीट पसरते आणि विहीर अडगळ म्हणून बुजविली जाते. पुढे कूपनलिका खणावयाची आणि तीही आटली की टँकरची वाट पाहावयाची! गच्चीवर सौर तावदाने बसविली म्हणजे असले घर ‘हरित’ होते, हा समज भाबडा तरी आहे किंवा सोयीचा तरी.

हिशेब अवघड नाही. बेळगावात वर्षाला सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्यातून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी येते. गळती व बाष्पीभवन वजा जाता एक लाख लिटर हाती लागले, तरी माणशी 100 लिटर धरून पाचजणांच्या कुटुंबाचे सहा महिन्यांहून अधिक भागावे. हे पाणी जमिनीत न मुरता गटारात जाते, आणि गटारे ते पेलू शकत नाहीत. 2019 च्या ऑगस्टात बेळगावच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते अतिवृष्टीमुळे हे खरेच. परंतु पावसाला मुरावयास जागाच न ठेवणारे आम्ही निर्दोष आहोत काय?

जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. त्या बंगल्यांच्या तुळयांसाठी जंगले तुटली, आणि वाढत्या वस्तीला प्रत्येकी बंगला मिळणे शक्यही नाही. सदनिका हव्यातच, प्रश्न त्या कशा बांधावयाच्या एवढाच आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाला घर पाच मैलांच्या परिघातील साहित्याने बांधावे ही दिशा गांधीजींनी दाखविली होती. त्याने केरळात पोकळी ठेवून रचलेल्या भिंतींनी विटांची सुमारे चतुर्थांश बचत केली आणि त्याच पोकळीने उन्हाची धगही अडविली. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के असताना ही काटकसर केवळ गरिबांची नव्हे, शहाण्यांची ठरते.

बंगळूरने 2009 मध्ये पाऊसपाणी साठविण्याची कायद्याने सक्ती केली. बेळगाव तर 2016 च्या पहिल्याच स्मार्ट शहरांच्या यादीतील नगर. तेथे विहीर बुजवू पाहणाऱ्यास बांधकाम परवाना नाकारावा, छपराचे पाणी मुरविणाऱ्यास घरपट्टीत सूट द्यावी आणि भूखंडाचा काही भाग मातीचाच राखावा, यात अशक्य ते काय? घाटाखालील आमच्या वाचकांनीही हा परक्या गावचा विषय मानू नये. चिऱ्यांची घरे पाडून काचेची बांधण्याची हौस येथेही कमी नाही.

शताब्द्या साजऱ्या होतात आणि संपतात. राहते ती विहीर. आपण ती राहू दिली तर.