गुहेत कोण उभे आहे?



आज्ञार्थ, सामान्यरूप आणि प्रयोग या प्रकरणांचा अभ्यास तुम्ही नुकताच पूर्ण केला आहे. हे सारे परीक्षेपुरते पाठ करावे आणि नंतर विसरून जावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती रीत मला मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी एका संगणकीय खेळाचे उदाहरण निवडले आहे. खेळ जुना आहे, अमेरिकेतला आहे आणि इंग्रजीत आहे. तरीही तो भाषेशी इतका निगडित आहे, की मराठीच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहावे. माझे मत आरंभीच सांगतो. यंत्राने मराठी कशी समजून घ्यावी आणि मराठीत कसे बोलावे, हे ठरवण्याच्या कामात मराठीच्या अभ्यासकांनी उतरले पाहिजे. आपण दूर राहिलो, तर ते काम आपल्यावाचून होईल, आणि आपल्यातल्या निम्म्या माणसांना त्या मराठीत स्वतःची जागा सापडणार नाही.

लेकींसाठी रचलेली गुहा

विल क्राउदर हे अमेरिकेतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत असत. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांना आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहा आणि तिच्या शेजारची फ्लिंट रिज गुहाप्रणाली आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे ज्या तुकडीने १९७२ साली शोधून काढले, तीत पॅट्रिशिया होत्या. पुढे पतिपत्नी विभक्त झाले. मुली आता रोज दिसत नाहीत, ही खंत क्राउदरांना जाणवू लागली. त्याच सुमारास, १९७५-७६मध्ये, त्यांनी आपल्या दोन मुलींना खेळता यावा म्हणून एक खेळ लिहिला. त्याचे नाव ‘ॲडव्हेंचर’. पुढे तो ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ म्हणून प्रसिद्ध झाला.

या खेळात एकही चित्र नव्हते. तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आहे, हे संगणक शब्दांत सांगे. खेळाडू एका किंवा दोन शब्दांत आज्ञा टंकलिखित करी. ‘उत्तरेकडे’, ‘दिवा घे’, ‘कुलूप उघड’ अशा अर्थाच्या त्या आज्ञा असत. संगणक त्या आज्ञेचा अर्थ लावून पुढचे वर्णन छापी. गुहेचा नकाशा कल्पनेतून आलेला नव्हता. मॅमथ गुहेच्या ज्या भागात क्राउदर स्वतः हिंडले होते, त्याच भागाचा तो होता. संसार मोडल्यावर या माणसाने आपल्या आवडीची जागा शब्दांत पुन्हा बांधली आणि तिच्या किल्ल्या लेकींच्या हाती दिल्या. या खेळाचे मूळ मला तिथे दिसते.

एकशे त्र्याण्णव शब्दांचा कोश

क्राउदरांच्या मूळ आज्ञावलीत सुमारे ७०० ओळी होत्या आणि खेळाला १९३ शब्द ठाऊक होते. १९७६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स यांना हा खेळ एका संगणकावर सापडला. तो वाढवण्याची परवानगी हवी म्हणून त्यांनी, तेव्हा जाळ्यावर असलेल्या प्रत्येक संगणकावरील ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले. परवानगी मिळाली आणि १९७७मध्ये शब्दसंख्या २९३ झाली. त्यांतला एक शब्द निव्वळ निरर्थक अक्षरांचा होता. तो लिहिला, की खेळाडू क्षणात एका जागेहून दुसऱ्या जागी पोचे. ‘तिळा, तिळा, दार उघड’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना त्याचे नवल वाटू नये. अर्थ नसलेल्या शब्दालाही सामर्थ्य असू शकते, हे मंत्र म्हणणाऱ्या समाजाला ठाऊकच असते.

एवढ्या तोकड्या कोशावर खेळ चालला कसा? याचे उत्तर इंग्रजीच्या व्याकरणात आहे. इंग्रजीत आज्ञार्थी क्रियापद धातूच्याच रूपात येते आणि कर्म झालेले नाम आपले रूप बदलत नाही. म्हणून यंत्राला प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरे तपासली तरी पुरे होई.

आता हीच सोय मराठीत करून पाहा. ‘दिवा घे’ इथे अडचण नाही. पण ‘दिव्यात तेल घाल’ म्हटले, की ‘दिवा’चे ‘दिव्या-’ होते. ‘कुलूप’ आणि ‘कुलपात’ यांत दुसऱ्याच अक्षराशी वाट फुटते. ‘पिंजरा’ आणि ‘पिंजऱ्यात’, ‘गुहा’ आणि ‘गुहेत’ यांचेही तसेच. शब्दाचा आरंभ तपासणारे यंत्र इथे फसते, कारण आपले सामान्यरूप शब्दाच्या अंगातच बदल घडवते. शिवाय ‘दगड उचल’ चालते, परंतु ‘मुलगा उचल’ म्हणता येत नाही, ‘मुलाला उचल’ म्हणावे लागते. कर्म सजीव की निर्जीव, यावर ‘ला’ लागणे बरेचसे अवलंबून असते. मराठी मुलाला हे न शिकवता येते. यंत्राला मात्र कुणीतरी नियम सांगावा लागतो. तो नियम सांगता येणे, यालाच आपण व्याकरण म्हणतो.

परंदवडीतला एक रविवार

माझे घर परंदवडीत आहे. मावळातल्या काही दूरशिक्षण विद्यार्थ्यांचा एक गट रविवारी माझ्याकडे अभ्यासाला येत असे. कुणी तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून येई, कुणी गुलाबाच्या पॉलीहाऊसमधले काम आटोपून येई. व्याकरण कंटाळवाणे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मी सुचवले, की आपण असाच एक छोटा खेळ मराठीत लिहू आणि गुहा बेडशाची घेऊ. एका विद्यार्थ्याचा भाचा संगणकशास्त्र शिकत होता. यंत्राची बाजू त्याने सांभाळली. आरंभीचे वर्णन मी लिहिले. पहिले वाक्य होते : ‘तू एका गुहेच्या तोंडाशी उभा आहेस.’

गटात चाळिशी ओलांडलेल्या एक विद्यार्थिनी होत्या. मुलगी दहावी झाल्यावर त्यांनी स्वतःचे सुटलेले शिक्षण पुन्हा धरले होते. त्यांनी ते वाक्य वाचले आणि शांतपणे विचारले, “सर, या गुहेत मी कुठे आहे?”

मी नेहमीचे उत्तर दिले : पुल्लिंगी रूप सर्वांसाठी वापरण्याचा संकेत आहे. त्या म्हणाल्या, “मग ‘उभी’ हे रूप आम्ही पाठ कशाला करतो?” वर्ग हसला. मीही हसलो, परंतु भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवून तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला ही चूक दिसली नव्हती, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

इंग्रजी वाक्यातल्या ‘तू’ला लिंग नसते आणि क्रियापदालाही नसते. क्राउदरांनी खेळ मुलींसाठी लिहिला, हे त्यांच्या वाक्यांवरून कळत नाही. मराठीत लिहिणाऱ्या बापाला पहिल्याच ओळीत ‘उभी’ लिहावे लागले असते आणि त्या एका वेलांटीत लेक दिसली असती. मराठीत ही ताकद आहे. म्हणूनच ‘उभा’ लिहिल्याबरोबर ती लेक गुहेबाहेरही राहते.

मग आम्ही वाटा शोधू लागलो. ‘तुम्ही उभे आहात’ असे आदरार्थी लिहावे, तर बायकांच्या तोंडी ‘उभ्या आहात’ हे रूप असतेच. शिवाय, ज्यांनी नुसते ‘दिवा घे’ लिहायचे, त्यांना यंत्राने ‘तुम्ही’ म्हणावे, हे कानाला विचित्र लागे. ‘समोर गुहेचे तोंड आहे, डावीकडे पाण्याचे टाके आहे’ असे लिहिले, की खेळाडूचा उल्लेखच टळतो. परंतु प्रत्येक वाक्यात तो टाळला, तर वर्णन पंचनाम्यासारखे होते.

अखेरीस मदतीला आले ते प्रयोगांचे प्रकरण. ‘तू आत आलास’ किंवा ‘आलीस’ इथे क्रियापद कर्त्यामागे जाते. परंतु ‘तू किल्ली घेतलीस’ आणि ‘तू दिवा घेतलास’ ही वाक्ये पाहा. ‘ली’ किल्लीची आहे, ‘ला’ दिव्याचा आहे आणि शेवटचा ‘स’ तेवढा तुमचा. पारंपरिक व्याकरण याला कर्तृकर्मसंकर प्रयोग म्हणते. हे नाव पाठ करताना ज्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, त्यांनीच त्या दिवशी एकामागून एक अशी वाक्ये तयार केली. जिथे कर्तरी प्रयोग टाळता येईना, तिथे त्या बाईंनीच तोडगा सुचवला : खेळाच्या आरंभी यंत्राने विचारावे, ‘गुहेत कोण आले आहे?’ आणि उत्तराप्रमाणे पुढची रूपे वापरावी. मुख्य प्रश्न एका गृहिणीने सोडवला. भाच्याला त्यासाठी आज्ञावलीत थोडीच भर घालावी लागली.

बेडशाचे टाके

लिंगाचा मुद्दा किरकोळ आहे, असे काही सहकारी मला म्हणाले. त्यांना मी पवन मावळातील बेडशाच्या लेण्यांकडे नेऊ इच्छितो. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. ते टाके सामडिनिका नावाच्या स्त्रीचे दान आहे. लेखात तिला ‘महारठिनी’ म्हटले आहे. ‘महारठी’ या पदवीचे ते स्त्रीलिंगी रूप. दगडात एकेक अक्षर खोदणे हे किती कष्टाचे काम! तरीही त्या कारागिराने प्रत्यय गाळला नाही. त्या प्रत्ययामुळेच पाणी कुणी दिले, हे आज आपल्याला कळते. दगडावर जी काळजी घेतली गेली, ती पडद्यावर घेऊ नये, हे मला पटत नाही.

वारसा कुणाचा

‘ॲडव्हेंचर’चा वारसा मोठा आहे. त्यापासून स्फूर्ती घेऊन एमआयटीतील चौघांनी १९७७मध्ये ‘झॉर्क’ लिहायला घेतला आणि तो दोन शब्दांऐवजी पूर्ण वाक्ये समजू लागला. रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांनी हा खेळ खेळूनच १९८०मध्ये ‘मिस्टरी हाउस’ काढला आणि शब्दांना चित्रांची जोड दिली. पुढे या साऱ्या खेळप्रकारालाच ‘ॲडव्हेंचर’ हे नाव पडले. त्याच विल्यम्स दांपत्याने २०२३मध्ये मूळ गुहेची त्रिमितीय आवृत्ती सादर केली. ही परंपरा आपल्या जिल्ह्यातही पोचली आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२०मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा साहसखेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाचा शोध घेणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. खेळ भारतीय पुराणकथांवर उभा आहे. मूळ निवेदन मात्र इंग्रजीत होते. जगभर विकायच्या खेळासाठी तो निर्णय व्यवहार्य होता, हे मी मान्य करतो. मराठी खेळाला गिऱ्हाईक मिळेल का, ही शंकाही रास्त आहे.

परंतु प्रश्न केवळ खेळांचा राहिलेला नाही. आज फोन मराठीत बोलतो, तिकिटाचे यंत्र मराठीत सूचना देते, आणि प्रश्न विचारला तर संगणक मराठीत परिच्छेद लिहून देतो. यंत्रे आता स्वतःच शिकतात, व्याकरणाची गरज संपली, असे म्हटले जाते. यंत्र शिकते ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून. त्या मजकुरात सर्वत्र ‘उभा’ असेल, तर यंत्रही ‘उभा’च म्हणणार. हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. माझ्या पहिल्या वाक्यात तो यंत्राच्या आधीपासून होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद मलाही आहे. तो सन्मान पूर्वजांच्या लेखनाचा आहे, बेडशाच्या त्या अनाम कारागिराचाही आहे. आपल्या वाट्याचे लेखन अजून व्हायचे आहे. ते तुमच्यासारख्यांनी करावे, असे मला वाटते, कारण संसार आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाला भाषा कुठे कुणाला वगळते, हे लवकर दिसते. मला ते दिसले नव्हते.

आमचा खेळ लहानच राहिला. त्यात अकरा दालने आहेत आणि शेवटी खजिना नाही, टाके आहे. तिथे पोचलेल्या खेळाडूने ‘पाणी पी’ असे लिहिले, की खेळ संपतो. त्या बाईंच्या मुलीने तो खेळून पाहिला, तेव्हा पडद्यावर पहिली ओळ आली : ‘तू एका गुहेच्या तोंडाशी उभी आहेस.’

विचार करा, लिहा

१. तुमच्या फोनवरील किंवा बँकेच्या यंत्रावरील पाच मराठी सूचना उतरवून घ्या. त्यांतील क्रियापदांचे अर्थ, लिंग आणि वचन सांगा.

२. ‘तू’ हा कर्ता असलेली अशी पाच वाक्ये लिहा, ज्यांत कर्त्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. प्रत्येक वाक्यातील प्रयोग ओळखा.

३. तुमच्या गावातील एखाद्या जागेचे वर्णन, वाचणारी व्यक्ती तिथे उभी आहे असे कल्पून, दहा वाक्यांत करा. ती व्यक्ती कोण आहे, हे लिहिण्यापूर्वी ठरवा.