रिसॉर्टवरची संध्याकाळ : एक मित्र तरी शुद्धीवर हवा



दिवाळी झाली, कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले, की आपल्या परभणी जिल्ह्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेत शिजायला लागतात. 'दहावीची बॅच, पंचवीस वर्षांनी गेट-टुगेदर.' कुणी जिंतूरचा, कुणी गंगाखेडचा, कुणी सेलूचा. शिक्षक, कृषी केंद्रवाले, वकील, एखादा पुण्याला गेलेला इंजिनिअर. ठिकाण ठरतं गोवा. आणि आता नुसता गोवा नाही, तर एक संध्याकाळ तरी मोठ्या रिसॉर्टवर घालवायची. समोर समुद्र, माडांच्या ओळी, निळा स्विमिंग पूल आणि पूलच्या काठावरच बार.

गोव्यात आग्वादच्या किल्ल्यापाशी ताजचं रिसॉर्ट १९७४ साली सुरू झालं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीची परिषद मध्ये थांबवून विश्रांतीसाठी तिथेच आले होते. एके काळी पंतप्रधानांसाठी असलेली ही चैन आज आपण वर्गणी काढून करू शकतो, याचा मला आनंदच आहे. जुन्या मित्रांसोबत पोट धरून हसणं तब्येतीला चांगलं असतं. म्हणून 'जाऊ नका' असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. जरूर जा.

दारूबद्दल डॉक्टर म्हणून माझं मत सरळ आहे. न पिणं सगळ्यात चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं 'सुरक्षित' म्हणावं असं कोणतंही प्रमाण नाही. पण ग्रुपमधले बरेच जण पिणार, हेही मला माहीत आहे. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे : त्या संध्याकाळी ग्रुपमधल्या एकाने अजिबात प्यायची नाही, आणि तो कोण हे निघण्याआधीच ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, एवढे पैसे मोजलेत, तिथे माणसं असतात की सगळं बघायला. असतात. पण वेटरला तुमच्या मित्राची इन्सुलिन माहीत नसते. त्याच्या भावाला चाळिशीत अ‍ॅटॅक आला होता, हे मॅनेजरला माहीत नसतं. खुर्चीत झोपलेल्या पाहुण्याला हलवून कोण उठवणार? मित्राला ओळखणारं माणूस रिसॉर्टवर विकत मिळत नाही. ते आपण सोबत न्यावं लागतं, आणि ते शुद्धीवर असावं लागतं.

आधी हिशोब समजून घ्या

'मी फक्त बिअर घेतो, दारू पीत नाही', हे वाक्य दवाखान्यात फार ऐकायला मिळतं. हिशोब करू. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण ४० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बिअर म्हणजे चार छोटे पेग. आणि एक क्वार्टर म्हणजे सहा.

आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, तासाला ढोबळमानाने एक छोटा पेग एवढंच अल्कोहोल मोडू शकतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. माणूस जागा होतो, पण रक्तातली दारू तेवढीच राहते.

'चढलीय त्याला, झोपू द्या'

पार्टीतलं मला सगळ्यात धोकादायक वाटणारं वाक्य हेच आहे.

पंचवीस वर्षांनी भेटणाऱ्या बॅचमध्ये एक-दोन तरी डायबेटिसवाले असतातच. जेवणामध्ये जेव्हा मोठं अंतर पडतं, तेव्हा लिव्हर स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं. पोटात दारू गेली, की लिव्हर तिला मोडण्यात गुंततं आणि हे साखर बनवण्याचं काम मागे पडतं. आता या माणसाने ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतली आहे, दुपारी समुद्रात नाचला आहे, आणि जेवण 'नंतर निवांत करू' म्हणून रात्री अकरापर्यंत ढकललं आहे. चखण्याच्या चार शेंगदाण्यांवर किती वेळ निभावणार? साखर धाडकन खाली येते.

साखर कमी झालेला माणूस कसा दिसतो? घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, मग गुंगीत जातो. दारू चढलेलाही असाच दिसतो. स्वतः प्यायलेल्या मित्रांना हा फरक कळत नाही. ते त्याला खोलीत नेऊन, एसी लावून, दार ओढून घेतात. साखर तशीच खाली राहिली, तर झटके येऊ शकतात, मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

शुद्धीवरच्या मित्राने काय करायचं? ग्लुकोमीटर सोबत ठेवायचं आणि साखर तपासायची. मशीन नसेल आणि माणसाला नीट गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची. साखर थोडी जास्त झाली तर ती उद्या सांभाळता येते. तो बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि थेट १०८ ला फोन करायचा. हा नंबर महाराष्ट्रात चालतो आणि गोव्यातही.

ज्याला डायबेटिस नाही, पण हलवूनही उठत नाही, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी आहे, ओठ निळसर आहेत, अंग गार पडलं आहे, त्याला झोप लागली आहे असं समजू नका. ती दारूची विषबाधा आहे. त्याला एकटं सोडायचं नाही आणि उताणं झोपवायचं नाही. उताण्या माणसाला उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाते.

विहिरीतलं पोहणं आणि समुद्र

आपण मराठवाड्यातली माणसं. पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून विहिरीत, नाहीतर कॅनॉलला, नाहीतर गोदावरीच्या डोहात. त्यामुळे 'मला पोहता येतं' हा आत्मविश्वास मोठा असतो. पण विहिरीला लाट नसते, आणि पायाखालची वाळू ओढून नेणारं परतीचं पाणी नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. तिथे दारूचा काही संबंध नव्हता. चांगल्या शुद्धीतल्या तरुण मुलांना समुद्र असा ओढून नेतो, तर दोन पेग पोटात असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाचं काय?

दारूने तोल सांभाळणारी आतल्या कानाची यंत्रणा मंदावते, अंतराचा अंदाज चुकतो आणि भीती कमी होते. समुद्रात तर भीतीच आपल्याला मागे खेचत असते. पूलमध्येही हेच होतं. प्यायलेला माणूस उथळ बाजूला सूर मारतो आणि मानेचं हाड मोडून घेतो.

अजून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वासच नसतो. गाणी मोठ्याने लागलेली असतात आणि चार हातांवर माणूस गुपचूप खाली जातो. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून नियम एकच. पाणी आधी, पेला नंतर. एक घोट जरी घेतला, तरी त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी'चे जीवरक्षक आहेत. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्यांच्या मधल्या भागातच राहायचं. सूर्य मावळला की किनाऱ्यावर बसून वारा खायचा.

कुणी बुडताना दिसलं, तर मागे उडी मारू नका. ट्यूब, दोरी, बेडशीट, जे हाताशी असेल ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. श्वास नसेल, तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा. हे काम लडखडत्या हातांनी होत नाही.

'अ‍ॅसिडिटी झाली असेल'

तळलेलं खाणं, वर दारू, आणि छातीत जळजळ. निदान सगळ्यांचं तयार असतं : अ‍ॅसिडिटी, इनो घे. पण जळजळीबरोबर घाम फुटला असेल, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटत असेल, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचं दुखणं धरून चाला. ईसीजी काढल्याशिवाय कुणीही, अगदी डॉक्टरही, खात्रीने अ‍ॅसिडिटी म्हणू शकत नाही. अशा वेळी मध्यरात्री 'नको रे, सकाळी बघू' म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा 'चल, बस गाडीत' म्हणणारा एक जण हवा असतो.

सकाळी सहाचा निरोप

गोवा ते परभणी अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. म्हणून ठरतं, पहाटे लवकर निघू. आता वरचा हिशोब लावा. रात्री बारापर्यंत तीन बाटल्या स्ट्राँग बिअर झाली असेल, तर ती पूर्ण उतरायला बारा तासांच्या आसपास लागतात. पहाटे सहाला स्टिअरिंगवर बसणारा माणूस अजून प्यायलेलाच असतो, वर झोप झालेली नसते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, की कायद्याने गुन्हा होतो; पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. पण घाटातलं वळण दंड घेऊन सोडत नाही. दुपारी निघा, किंवा न प्यायलेल्या, झोप झालेल्या माणसाच्या हातात किल्ली द्या.

आग्रह थांबवा

हे सगळं अवघड नाही. अवघड आहे आपला आग्रह. पुरणपोळीचा आग्रह जसा, तसाच आपण पेगचा करतो. 'एवढ्याने काय होतंय', 'आमच्यासाठी एक', 'बायकोला घाबरतो का?' नाही म्हणणाऱ्याची टिंगल होते, मग तो ग्लास हातात घेतो, आणि ग्रुपमधला शेवटचा शुद्धीवरचा माणूस संपतो. त्याची गोळी कोणती, त्याचा आजार कोणता, हे त्याला चारचौघांत सांगायचं नसतं. म्हणून 'का नाही?' हा प्रश्नच विचारू नका. 'नको' एवढं उत्तर पुरेसं माना.

आणि ही जबाबदारी दर वेळी न पिणाऱ्या एकाच गरीब मित्रावर टाकू नका. पाळी लावा. या वर्षी तू, पुढच्या वर्षी मी. त्याच्या वाटची वर्गणी माफ करा, जेवणाची पहिली फर्माईश त्याची. त्याच्याकडे गाड्यांच्या किल्ल्या, ग्लुकोमीटर, कोण कोणती गोळी घेतं त्याची यादी, आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता असू द्या. जेवण रात्री नऊच्या आत मागवायचं, हेही त्याच्याच हातात.

पुढच्या बेताचा मेसेज ग्रुपवर टाकाल, तेव्हा तारीख, भाडं आणि हॉटेल यांच्याखाली एक ओळ वाढवा : 'या वेळी शुद्धीवर कोण राहणार?' पहिलं नाव तुमचंच लिहा. बाकीचे मागोमाग येतील.